धावगटात सगळ्यांत मागे राहणाऱ्यांनी एकटीने तयारी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 41, आजवर सलग 5 किलोमीटरच्या पुढे कधी धावलेला नाहीत. एका सेवाभावी संस्थेसाठी निधी उभा करणाऱ्या धावगटात नाव दिलंत, हाफ मॅरेथॉनला अजून 20 आठवडे आहेत. दोन रविवार झाले आणि दोन्ही वेळा तुम्ही सगळ्यांत मागे. बाकीच्यांना तुमच्यासाठी थांबावं लागतं याचा संकोच वाटतो. उजवी नडगी थोडी दुखते, पण देणग्या घेऊन झाल्यात म्हणून कुणाला बोलला नाहीत. तर आता एकटीने तयारी करावी आणि थेट शर्यतीच्या दिवशी गटात यावं का?

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. गट सोडू नका. पुढच्यांच्या वेगाने धावणं मात्र सोडा, आणि नडगी या आठवड्यातच तपासून घ्या. देणगीदारांचा विषयसुद्धा आत्ताच, हाताशी 20 आठवडे असताना मिटवा. या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाटतात, पण त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. गेली बारा वर्षं मी अशा गटांची तयारी करून घेते आहे. ज्यांची तयारी मध्येच मोडली, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत हेच तीन धागे होते.

गट नेमकं काय करतो ते आधी पाहू. 2010 साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या 12 वल्हेकऱ्यांवर केलेला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना यंत्रावर वल्हवायला लावलं, कधी एकेकट्याने, कधी सगळ्यांनी एका लयीत. मेहनत दोन्ही वेळा सारखीच. नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळत नेला आणि ‘आता दुखतंय’ असं ते कधी म्हणतात ते पाहिलं. एकत्र वल्हवल्यावर दुखणं सोसायची ताकद स्पष्टपणे जास्त होती. प्रयोग लहान आहे, पण मी दर रविवारी जे पाहते त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो. एकटीला 7 किलोमीटरवर नको झालेली बाई गटात 10 करून हसत परत येते.

मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. गटात दुखणं कमी जाणवतं याचा अर्थ दुखणं कमी असतं असा नाही. पायाने दिलेली हाक गप्पांच्या आवाजात बुडते. त्यात देणग्यांचं वजन पडलं की माणूस ती हाक ऐकू आली तरी ऐकत नाही. म्हणून गटात राहायचं, पण ती हाक ऐकू येईल अशी सोय करून राहायचं.

पहिली सोय वेगाची. पहिल्या 8 आठवड्यांत घड्याळावरचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, बघूच नका. धावताना एक पूर्ण, लांबलचक वाक्य मध्ये श्वास न तोडता बोलून पाहा. बोलता आलं तर वेग बरोबर. दोन-दोन शब्दांवर थांबावं लागलं तर वेग जास्त, मग शेजारची व्यक्ती कितीही आरामात का धावेना. आठवड्यातल्या जवळपास सगळ्या धावा याच वेगाने व्हायला हव्यात. नवख्यांचा हमखास घोळ असा होतो की सोपी धाव मध्यम होते आणि मध्यम धाव शर्यत होते. एकटीने धावताना हे कमी होतं, गटात फार होतं, कारण पुढच्यापेक्षा अर्धं पाऊल मागे राहायला कुणीच तयार नसतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. 1962 साली न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने ऑकलंड जॉगर्स क्लब सुरू झाला. ऑलिंपिक विजेते घडवणारा हा प्रशिक्षक सामान्य, मध्यमवयीन माणसांना आणि हृदयविकार होऊन गेलेल्यांनाही हळू, गप्पा मारत धावायला सांगत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस बिल बॉवरमन तिथे गेले. ते नावाजलेले अमेरिकन प्रशिक्षक, पुढे नायकीचे सहसंस्थापक. ते या मंडळींबरोबर धावायला निघाले आणि पार मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी मागे राहिले आणि शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलत धावले. बॉवरमन मायदेशी परतले ते जॉगिंगचा ध्यास घेऊनच, आणि 1967 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही काढलं. आज जगभर लोक रमतगमत धावतात, त्यात मागे राहिलेल्या एका माणसाला मिळालेल्या त्या सोबतीचा वाटा आहे असं मी मानते.

तुमच्यासाठी लोकांना थांबावं लागतं, यात दोष गटाच्या आखणीचा आहे, तुमचा नाही. हे ठामपणे सांगू शकते कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी मी 30 जणांचा एकच गट केला, एकच मार्ग, एकच वेळ. पुढचे वळणावर थांबायचे, मागचे धापा टाकत पोहोचायचे, आणि ते पोहोचले की पुढचे लगेच निघायचे. म्हणजे ज्यांना विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती मिळत नव्हती. चौथ्या आठवड्यापर्यंत तिघीजणी यायच्या बंद झाल्या. आता आम्ही अंतर नाही, वेळ ठरवतो. समजा आजची धाव 60 मिनिटांची. मग सगळे एकत्र निघतात, 30 मिनिटं झाली की जो जिथे असेल तिथून मागे वळतो, आणि सगळे जवळपास एकाच वेळी परत येतात. कुणी कुणासाठी थांबत नाही. परतीच्या वाटेवर मागचे आपोआप पुढे असतात, आणि वेगवान मंडळी मागून येत त्यांना नावाने हाक मारतात. तुमच्या गटप्रमुखांना ही पद्धत सुचवा, आणि सगळ्यांत शेवटी धावायला एक अनुभवी व्यक्ती रोज नेमायला सांगा. आमच्याकडे ही जबाबदारी पाळीपाळीने येते. मी स्वतः तीच मागून घेते, कारण गटाची खरी तब्येत शेपटाकडूनच कळते.

दुसरी सोय चालण्याची. धावता धावता चालणं म्हणजे हार, हे मनातून काढून टाका. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून 10,000 मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत पुढे लोकप्रिय केली. दम लागायच्या आधीच, ठरलेल्या वेळी चालायचं. हिशोब करून पाहा. 3 मिनिटं साडेसात मिनिटांच्या पेसने धावलात तर 400 मीटर होतात. मग 1 मिनिट झपाझप चाललात तर आणखी 100. म्हणजे 4 मिनिटांत 500 मीटर, किलोमीटरला बरोबर 8 मिनिटं. याच लयीत हाफ मॅरेथॉनचे 21.0975 किलोमीटर 2 तास 49 मिनिटांच्या आत होतात. आपल्या शर्यतीची कमाल वेळमर्यादा नियमावलीत पाहून घ्या, आणि त्यावरून धावण्या-चालण्याचं प्रमाण ठरवा. पहिले काही आठवडे 1 मिनिट धाव, 1 मिनिट चाल एवढंही पुरे.

आता नडगी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

धावायला लागल्यावर हृदय, रक्त आणि स्नायू काही आठवड्यांतच सुधारतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात जिना चढताना धाप लागत नाही, आणि वाटतं, आता वाढवायला हरकत नाही. हाडं आणि स्नायुबंध मात्र महिन्यांच्या हिशोबाने बदलतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. हे पोखरणं पहिल्या काही आठवड्यांत होतं, भरणं संथपणे, तीन-चार महिन्यांत पुरं होतं. म्हणजे दम वाढलेला असतो नेमका तेव्हाच हाड तात्पुरतं कमजोर असतं. अशा वेळी पुढच्यांना गाठायला वेग वाढवला, तर भार पडतो तो या कमजोर हाडावर. किलोमीटरला साधारण 1300 पावलं पडतात, आणि दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर जमिनीकडून परत येतो.

नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा वरून खाली हळूहळू दाबत न्या. दुखणं वीतभर लांबीत पसरलेलं असेल, धाव सुरू करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर तो बहुधा अति ताणाचा त्रास आहे. धावणं निम्म्यावर आणा, मऊ जमीन निवडा, पावलं थोडी आखूड आणि जलद टाका, आणि पोटऱ्यांचे व्यायाम सुरू करा. पण अंगठा एका ठरावीक ठिकाणी पोहोचताच कळ येत असेल, बोटाने दाखवता येईल इतकी एकाच जागी, किंवा त्या पायावर एक लंगडी उडी मारताच दुखत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर त्या दिवसापासून धावणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. हेही लक्षात ठेवा की अशी चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे ठीक आला आणि तरी दुखत राहिलं, तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

माझ्या गटात एक शिक्षक होते. संस्थेसाठी त्यांनी आमच्यातला सर्वांत जास्त निधी उभा केला होता. चौदाव्या आठवड्यात मी त्यांना धावण्यानंतर गाडीला टेकून बूट काढताना पाहिलं. डावा बूट ते दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून, अगदी हळू काढत होते. विचारलं तर म्हणाले, काही नाही, जरा आखडलंय. मी बसायला लावून नडगीवर अंगठा फिरवला. एका जागी आल्यावर त्यांनी माझं मनगटच धरलं. दीड महिना ते त्या पायावर धावत होते. का सांगितलं नाही, यावर ते म्हणाले, ‘अहो, ऐंशी लोकांनी पैसे दिलेत माझ्या नावावर.’ त्यांना शर्यत सोडावी लागली, आणि त्यानंतर कितीतरी महिने धावता आलं नाही. पहिल्या आठवड्यात बोलले असते तर बहुधा तीन-चार आठवड्यांच्या विश्रांतीवर निभावलं असतं.

म्हणून देणग्यांचं बोलणं आधी व्हायला हवं. धावण्यातून निधी उभा करण्याची आजची रीत बऱ्याच अंशी 1988 मध्ये घडली. ब्रूस क्लिलँड यांच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यांनी 38 धावपटू जमवून न्यूयॉर्क मॅरेथॉनसाठी गट बांधला आणि त्या गटाने 3 लाख 22 हजार डॉलर उभे केले. त्यातूनच ‘टीम इन ट्रेनिंग’ हा उपक्रम जन्माला आला. तेव्हापासून एक समज रूढ झाला आहे की देणगीदार अंतिम रेषा विकत घेतो. तसं नाही. लोक उपचारासाठी, शिक्षणासाठी, त्या कामासाठी पैसे देतात. तुम्ही निमित्त आहात, आणि तुम्ही घेतलेली मेहनत त्यांना दिसते.

कॅनडाचा टेरी फॉक्स आठवा. कर्करोगात उजवा पाय गमावलेला तो तरुण 1980 मध्ये कृत्रिम पायावर देश पार करायला निघाला, रोज जवळपास एक मॅरेथॉन. 143 दिवस आणि 5,373 किलोमीटरनंतर कर्करोग फुप्फुसांत पोहोचल्याने त्याला थांबावं लागलं. देशाचा पश्चिम किनारा त्याने गाठलाच नाही. त्यामुळे कुणी पैसे परत मागितले का? उलट ओघ वाढला, आणि फेब्रुवारी 1981 पर्यंत दर कॅनेडियन माणसामागे 1 डॉलर, म्हणजे 2 कोटी 40 लाखांहून जास्त डॉलर जमा झाले.

तेव्हा या आठवड्यात देणगीदारांना एक निरोप पाठवा. अगदी साधा: ‘मी 20 आठवडे प्रामाणिकपणे तयारी करणार आहे. दुखापत झाली तर मी शर्यत सोडेन किंवा चालत पूर्ण करेन, पण तुमची देणगी संस्थेला पोहोचलेली आहे आणि तिचं काम सुरू आहे.’ हे लिहून झाल्यावर किती हलकं वाटतं ते पाहा. सोबत संस्थेकडून दोन गोष्टी लेखी मागून घ्या: ठरलेली किमान रक्कम जमली नाही तर फरक कोणी भरायचा, आणि दुखापत झाल्यास तुमचा प्रवेश पुढच्या वर्षी ढकलता येतो का. जे काही पैसे मागायचे ते पहिल्या 10 आठवड्यांत मागून संपवा. शेवटच्या आठवड्यांत तुम्ही दमलेल्या असाल, झोप वाढलेली असेल, त्यात लोकांना फोन करत बसणं फार जड जातं.

आठवड्याची आखणी सांगते. तीन दिवस धावणं, त्यातला रविवार गटाबरोबर लांब पल्ल्याचा. दोन दिवस 20-20 मिनिटं ताकदीचे व्यायाम: बैठका, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणं, कमरेचे व्यायाम. एक दिवस सायकल किंवा पोहणं. एक दिवस काहीही नाही. नडगी बरी झाल्यावर रविवारचं अंतर 5, 6, 7 किलोमीटर असं वाढवा आणि चौथ्या आठवड्यात परत 5 वर या. मग 8, 9, 10 आणि उतरून 7. पुढे 11, 12, 13 आणि 9. मग 14, 15, 16 आणि 11. सतराव्या-अठराव्या आठवड्यात 17 आणि 18, एकोणिसाव्यात 10, आणि विसाव्यात शर्यत. मध्ये खंड पडला तर सुटलेलं अंतर भरून काढायला जाऊ नका, जिथे थांबलात तिथूनच किंवा एक पायरी खालून सुरू करा. दर चौथा हलका आठवडा काही झालं तरी गाळू नका, त्याच आठवड्यात शरीर बांधणी करतं. आणि शर्यतीआधी 21 किलोमीटर ‘एकदा करून बघायची’ गरज नाही. 18 झाले की उरलेले 3 त्या दिवसाचं वातावरण काढून देतं.

पाण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण हा धोका हळू धावणाऱ्यांना जास्त असतो आणि नेमकं त्यांनाच कुणी सांगत नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली उतरलेलं होतं. ज्यांचं वजन धावताना कमी होण्याऐवजी वाढलं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्यायले, आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला, त्यांच्यात हे प्रमाण जास्त. त्यामुळे दर थांब्यावर पेला रिकामा करायलाच हवा असं नाही, तहान लागेल तसं प्या. लांब धावेआधी आणि नंतर स्वतःचं वजन दोन-तीनदा करून पाहा, तुमच्या घामाचा अंदाज येईल. दीड तासाच्या पुढे गेलात की ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. शर्यतीत जे खाणार तेच रविवारी खाऊन पोटाला सवय लावा. शर्यतीच्या सकाळी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. ती मूत्रपिंडावर भार टाकते, सोडियमचा गोंधळ वाढवते आणि पायाची हाक बंद करते.

छातीत दडपण, धावताना भोवळ, अनपेक्षित धडधड यांपैकी काही झालं तर त्याच क्षणी थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर हे सगळं सुरू करण्याआधीच तपासणी करून घ्या. तापात धावू नका. पुरेशी झोप असूनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, पाळी सुरू असलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी पडणं फार सर्रास आढळतं.

तुम्ही गटाला काय देता, असा एक प्रश्न तुमच्या पत्रात न लिहिताही दिसतो. आमच्याकडे दृष्टिहीन धावपटूही येतात. त्यांच्या आणि वाटाड्याच्या बोटांत हातभर दोरीचं एक वेटोळं असतं. वाटाड्या पुढे ओढत नाही. तो त्यांच्या हाताच्या झोक्याशी आपला झोका जुळवतो आणि बोलत राहतो: ‘पुढे उतार, तीन पावलांवर खड्डा, डावीकडे घे.’ आमच्या पहिल्या वाटाड्या कोण होत्या माहीत आहे? गटात सर्वांत मागे धावणाऱ्या दोघी. वेगवान मुलांना आधी ते जमेना, कारण दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवायची त्यांना सवयच नव्हती.

या रविवारी दहा मिनिटं लवकर जा. गटप्रमुखांना बाजूला घेऊन नडगीचं सांगा. तपासून येईपर्यंत धावू नका, पण घरीही बसू नका. नुसतं चालताना दुखत नसेल तर पहिली 20 मिनिटं शेपटाच्या माणसाबरोबर चालत जा आणि चालतच परत या. दुखत असेल तर परतणाऱ्यांच्या वाटेवर उभ्या राहून वेळा लिहून घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, त्यावरून पहिल्या चार आठवड्यांची आखणी बदलून देते.